माहेराचे चाळीस वाव

मासळी निवडता निवडता मथुराच्या बोटाला काहीतरी टोचलं आणि ती दचकली. तिच्या दचकण्याचं आंबेखोल बंदरात कुणाला नवल नव्हतं. कावळा जरा जवळून गेला तरी ती दचकायची. कुणी मागून हाक मारली तर डोक्यावरची पाटी कलायची. शेजारच्या बाया हसल्या आणि पुन्हा आपापल्या ढिगाकडे वळल्या.

मथुराने मात्र ढिगात हात घालून टोचणारं ते बाहेर काढलं. ती एक काडी होती. बोटभर लांब, गुलाबी, फांदीसारखे दोन फाटे फुटलेली. लाकडाची म्हणावी तर जड होती. दगडाची म्हणावी तर तुटल्या जागी ओली आणि बुळबुळीत होती. तिने ती उन्हात धरली. बघता बघता तिचा गुलाबी रंग उडून गेला आणि हातात पांढरंफटक काहीतरी उरलं.

 ही काडी या ढिगात यायला नको होती.

का यायला नको होती, ते सांगायला हवं. आंबेखोलच्या समोर समुद्र थोडा वेळ उथळ राहतो आणि मग एकदम खोल उतरत जातो. त्या उतारावर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे पोवळ्याची झाडं आहेत, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. डोळ्यांनी कुणी पाहिली नव्हती. कधी गळाला अडकून एखादा तुकडा वर यायचा, तेवढीच ओळख. ती झाडं बोटभर वाढायला माणसाचा अख्खा जन्म जातो, असं जुनी माणसं म्हणायची. पोटात गाबोळी धरलेली मासळी तिथे जाते. झाडांच्या आडोशाला अंडी सोडते. पिल्लं जरा पोहायला शिकली की उथळ पाण्याकडे येतात, आणि मग आंबेखोलच्या चुलीवर कालवण शिजतं.

म्हणून गावाने त्या जागेला नाव दिलं होतं, माहेर. लेक बाळंतपणाला माहेरी गेली की तिला तिथून कुणी ओढून आणत नाही. इथेही तसंच. चाळीस वाव पाण्याच्या पुढे जाळं घालायचं नाही. हातातला एखादा गळ सोडला तर चालेल. पण जाळं नाही, आणि तळ घासत ओढायचं जाळं तर मुळीच नाही. जो जाणूनबुजून हे मोडेल त्याचा मचवा वर्षभर वाळूत ओढून ठेवायचा, असा गावचा कायदा होता.

वाव म्हणजे काय, तर दोन्ही हात पसरले की या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तो एक वाव. दोरीला शिशाचा गोळा बांधायचा. गोळा तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची. मग हात पसरत पसरत दोरी वर घ्यायची आणि मोजायची. आंबेखोलचं पाणी असंच मोजलं जायचं.

तर ही काडी आली होती हरबा तांडेलाच्या मचव्यातून. हरबा हा मथुराचा चुलता आणि त्या मचव्याचा तांडेल, म्हणजे प्रमुख. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून त्यानेच तिला वाढवलं होतं. माणूस उंचापुरा. हात इतके लांब, की सदरा शिवताना शिंपी दोनदा माप घ्यायचा आणि तरी बाही आखूड पडायची. पण हातांपेक्षा त्याची ख्याती होती ती खरेपणाबद्दल. आधी जाळं कुणी लावलं यावरून दोघांत जुंपली, की लोक म्हणायचे, हरबाला विचारा. हरबा एका वाक्यात सांगायचा आणि भांडण तिथेच मिटायचं.

संध्याकाळी मथुराने भीतभीतच विचारलं, "काका, काल जाळं कुठे घातलं होतं?"

"माहेराच्या अलीकडे. अडतीस वावांत."

"अडतीसच ना?"

हरबाने जेवता जेवता मान वर केली. "स्वतः मोजलं मी. का गो?"

मथुराने काडी पुढे ठेवली. हरबाने ती उलटसुलट करून पाहिली. "वाहत आली असेल एखादी," तो म्हणाला. "यंदा उथळ पाण्यात मासळी नाही, म्हणून माहेराच्या काठापर्यंत गेलो. काठापर्यंत जायला तर ना नाही. काठ ओलांडला असता तर तुला सांगितलं असतं."

तो खोटं बोलत नव्हता. ते मथुराला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण दगडासारखी जड काडी वाहत येत नाही, हेही तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ढिगात मोठ्या डोळ्यांचे लाल मासे निघाले. असे मासे अंधारातच राहतात. प्रत्येकाचं पोट गाबोळीने तट्ट फुगलेलं. तिसऱ्या दिवशी काड्या सात निघाल्या. मथुराने जिवाचा धडा केला आणि त्या पदरात बांधून हिराजी पाटलांपुढे नेल्या.

पाटलांनी हरबाला बोलावलं. चारचौघांसमोर विचारलं. हरबाने मचव्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि म्हणाला, "अडतीस वाव. एकही जास्त नाही."

तिथे विषय संपला. किनाऱ्यावर मात्र मथुराची थट्टा सुरू झाली. कुणी म्हणे, "मथे, जपून बस, वाळूत काडी आहे." कुणी म्हणे, "उद्या शिंपला चावला म्हणून येईल ही." मथुरा मान खाली घालून मासळी निवडत राहिली.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. बाकीचे तांडेल म्हणाले, हरबासारखा खरा माणूस अडतीस वावांत एवढी मासळी काढतो, मग आपण का मागे राहायचं. आणि आपापल्या मोजणीवरून भांडत बसण्यापेक्षा हरबानेच सगळ्यांसाठी मोजावं. त्याच्या मोजणीवर कोण शंका घेणार. हरबाने नवी दोरी घेतली. प्रत्येक वावाला गाठ मारत मारत अडतीस गाठी मारल्या. ठरलं असं, की सातही मचव्यांनी एका ओळीत जायचं, हरबाची दोरी जिथे टेकेल तिथे थांबायचं आणि तळ घासणारी सात जाळी एकदम सोडायची.

त्या दिवशी सकाळी सात शिडं बंदराबाहेर पडली. निघताना हरबाने आपली जुनी दोरी मथुराकडे टाकली. "ही आता तुला. बोंबील वाळत घालायला घे. अडतीस वाव आहे, बेताने तोड."

मथुरा अंगणात दोरी मोजायला बसली. एक वाव, दोन वाव, हात पसरत आणि मिटत. अडतीस झाले. दोरी संपली नाही. चाळीस झाले. अजून होती. अठ्ठेचाळिसाव्या वावाला दोरीचं टोक हातात आलं.

तिला वाटलं आपण चुकलो. पुन्हा मोजली. अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा मोजली. अठ्ठेचाळीसच.

ओट्यावर गोदाकाकी, हरबाची बायको, सुकट पाखडत होती. "दे इकडे," ती म्हणाली. "साधं मोजता येत नाही पोरीला." तिने मोजली. तिचे सेहेचाळीस भरले.

"ओली होऊन ताणली असेल," काकी म्हणाली.

"ताणली असती तर दोघींना सारखीच भरली असती, काकी."

 मथुराने आपले दोन्ही हात पसरून पाहिले. मग तिला काकांचे हात आठवले आणि आखूड पडणाऱ्या बाह्या आठवल्या. काका खरंच बोलले होते. अडतीसच मोजले होते. पण काकांचे अडतीस म्हणजे गावाचे अडतीस नव्हेत. काका माहेराच्या काठावर थांबले नव्हते. ते आत जाऊन आले होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. त्यांचं एकट्याचं जाळं एका कोपऱ्यावरून घासलं, तर एवढ्या काड्या आल्या. आज सात जाळी एकदम घासणार होती.

ती उठली आणि पुन्हा बसली. आपण हे बोललो तर लोक म्हणतील, हरबा खोटारडा. ज्याने घास भरवला त्याचं नाव आपण घालवायचं. आणि नाही बोललो, तर दुपारपर्यंत खाली एकही झाड उभं राहायचं नाही.

"बसलीस काय?" गोदाकाकी म्हणाली. तिने सूप खाली ठेवलं होतं. "त्यांना कळलं, की आपल्या हातून असं झालं आणि तुला माहीत होतं, तर ते तुला काही बोलणार नाहीत. जेवायचे मात्र थांबतील. मला माहीत आहेत ना ते."

दोघी धावत पाटलांकडे गेल्या. हिराजी पाटील किनाऱ्यावर गुडघ्यांना तेल लावत बसले होते. मथुराने धापा टाकत सांगितलं.

पाटील म्हणाले, "हरबा खोटं बोलायचा नाही."

"खोटं बोललेच नाहीत, पाटीलबाबा. पण मोजले ते त्यांच्या हातांनी. तुम्ही मोजा."

पाटलांनी मोजली. म्हातारपणी हात जरा वाकले होते, तरी पुरते पसरून मोजली. बेचाळीस. पाटलांनी दोरीकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, मग मथुराच्या हातांकडे पाहिलं.

"पाटीलबाबा," मथुराने विचारलं, "माहेराचे चाळीस वाव ठरवले, ते कुणाच्या हातांचे?"

"वाव म्हणजे वाव," पाटील म्हणाले. मग दोरी तिला परत देत म्हणाले, "कुणाचे, ते आजवर कुणी विचारलंच नाही. मीही नाही. ज्याने ठरवले त्याचे हात आता कुठून आणायचे?"

मथुराने दोरी गुंडाळून काखेत घेतली. पाटलांनीच सांगितलं, "हे बघ. चुकून गेला त्याला शिक्षा नाही, हरबाची काळजी करू नको. पण खाली जे मोडेल ते माझ्या पतवंडांनाही उभं राहिलेलं दिसायचं नाही. माझी होडी घे आणि त्यांना गाठ."

"मी?"

"मग काय माझे गुडघे जातील?"

गोदाकाकीने वल्ही घेतली. लग्नाआधी तीही होडीवरच वाढलेली, हाताला सवय होती. मथुरा पुढे दोरी घेऊन बसली. होडी डचमळली की ती कड घट्ट धरायची. किनारा मागे पडला, पाण्याचा हिरवा रंग जाऊन निळा आला, निळा जाऊन काळसर आला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांना मचवे दिसले. एका ओळीत सात. शिडं उतरवलेली. जाळी कडेवर तयार. हरबा मधल्या मचव्यावर उभा राहून शिशाची दोरी सोडत होता.

वारा समुद्राकडून येत होता. त्यामुळे मचव्यांवरचं बोलणं होडीत ऐकू यायचं, होडीतलं बोलणं मात्र मचव्यांपर्यंत जायचं नाही.

गोदाकाकी वल्ही थांबवून ओरडली, "अहो."

तिचा आवाज गावात नावाजलेला होता. कसाबसा तो पोचला. सातही मचव्यांवरच्या सगळ्या बाप्यांनी माना वळवल्या, कारण त्यातला प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा 'अहो' होता.

"कुणाची रे ती?" एकाचा आवाज वाऱ्यावर आला.

"तुझीच असेल. डबा विसरलास ना?"

"माझी नव्हे. माझी एवढं वल्हवायची नाही."

सगळे हसले आणि कामाला लागले.

"काकी, नाव घेऊन हाक मार," मथुरा म्हणाली.

"मी? त्यांचं नाव? उखाण्यात एकदा घेतलं, तेच."

"मग उखाणा घे."

"सात मचव्यांसमोर?" काकीने वल्हं आपटलं. "तू मार की हाक."

"काका," मथुराने हाक मारली. आवाज चिरका आला. पण त्या समुद्रावर जो तो तिचा काकाच होता. दोघातिघांनी हात हलवला. एकाने पदर हलवल्यासारखा फडका हलवून दाखवला. हरबाने वळूनही पाहिलं नाही. तो दोरीच्या गाठी मोजत होता आणि मोजताना तो कधीच वळायचा नाही. पहिल्या मचव्यावरच्यांनी जाळं उचलून पाण्यावर धरलं.

दर्यावर एक रीत आहे. एका होडीने दुसऱ्या होडीच्या तांडेलाला नाव घेऊन विचारलं, "किती वाव?" तर त्याने हातातलं काम टाकून उत्तर द्यायचं. तो मोजत असो, जेवत असो, भांडत असो. कारण विचारणारा बहुधा अडचणीत असतो, आणि उत्तर चुकलं तर त्याचा जीव जाऊ शकतो.

पण ती रीत तांडेलांची. बाईमाणसाने असं कधी विचारलं नव्हतं. शिवाय बापासारख्या चुलत्याला नुसत्या नावाने हाक मारायची, म्हणजे त्याच्याच तोंडावर त्याचा मान उतरवायचा.  मथुराने होडीची कड सोडली आणि ती उभी राहिली. होडी हलली. गोदाकाकीने खाली बसून तिचे पाय धरले.

"हरबा तांडेल," ती ओरडली, "किती वाव?"

वाऱ्याने आवाज मागे फेकला. काहीच घडलं नाही.

"हरबा तांडेल, किती वाव?"

पहिल्या मचव्यावरच्यांनी जाळं खाली सोडलं. त्याच्या कडेची वजनं पाण्याला टेकली. हरबा मोजतच होता.

मथुराने दोरीचा एक वाव दोन्ही हातांत ताणून धरला. हात जेवढे जातील तेवढे पसरले, आणि घसा फाटेल असा आवाज काढला, "हरबा तांडेल, किती वाव? कुणाच्या हातांचे?"

हरबाचे हात थांबले. गाठ तशीच बोटांत राहिली. तो वळला.

त्याला दिसली ती डचमळणाऱ्या होडीत हात पसरून उभी असलेली आपली पुतणी आणि तिच्या दोन हातांमधली आपलीच जुनी दोरी. किती आखूड होता तो वाव. त्याने मान खाली करून स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नव्या दोरीची एक गाठ एका मुठीत होती, पुढची गाठ दुसऱ्या मुठीत, आणि मधली दोरी मचव्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचत होती.

"काय म्हणते पोरगी?" शेजारच्या मचव्यावरून कुणीतरी विचारलं.

"वाव कुणाचे म्हणून विचारते."

"घ्या. आता वावालाही मालक लागला. टाका हो जाळं, हरबा. तुम्ही मोजलंत म्हणजे झालं."

हरबा अजून मुठीतल्या दोरीकडेच बघत होता.

"तिच्या हातांनी मोजायचं ठरलं तर आपल्याला मागे जावं लागेल," दुसरा म्हणाला. "निम्मं पाणी हातचं जाईल. मासळी इथे आहे, हरबा. तुम्हाला तर आम्ही कुणी खोटं म्हणणार नाही."

हे मात्र खरं होतं. कुणी म्हणालं नसतं. हरबाचा एक शब्द पुरेसा होता. अडतीस, एवढंच त्याने म्हणायचं होतं आणि तेही खरंच ठरलं असतं. मथुरा हात पसरून तशीच उभी होती. तिचे खांदे भरून आले होते. खाली काकी तिचे पाय धरून पुटपुटत होती, "बोला की हो. बोला एकदाचं."

हरबाने नव्या दोरीची एक गाठ सोडली. मग दुसरी. मग त्याने ती सगळी दोरी, सगळ्या गाठींसकट, मचव्याच्या तळाशी टाकून दिली आणि पहिल्या मचव्याकडे हात केला. पाण्याला टेकलेलं जाळं थबकलं आणि ठिबकत ठिबकत वर येऊ लागलं. 

मग त्याने दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले, आणि वाऱ्यावरून त्याचा आवाज स्पष्ट, एकेक शब्द होडीपर्यंत आला.

"मथू, अडतीस माझे. माहेराला तुझे लागू. बस आता खाली, आम्ही मागे येतो आहोत."

तात्पर्य इतकंच: घेण्याची हद्द ठरवायची असेल तर सर्वांत लांब हातांनी मोजू नये, सर्वांत आखूड हातांनी मोजावी, कारण खऱ्या माणसाचंही माप फक्त त्याच्यापुरतं खरं असतं, आणि जे पुन्हा उगवायला जन्म लागतो ते आपल्या मोजणीच्या चुकीवर सोडता येत नाही.